येतो म्हणावं

आमच्या घरात कुणी ‘जातो’ म्हटलेलं आईला खपत नसे. कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला निघालं तरी ‘येतो’ म्हणायचं. चुकून ‘जातो’ तोंडून गेलंच, तर चपला काढून परत आत यायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग ‘येतो’ म्हणून नव्याने निघायचं. वडिलांचे एक स्नेही तर ‘येतो’ म्हटल्यावर पाऊण तास उंबऱ्यात उभे असत. एक पाय चपलेत, एक घरात. बैठकीत बोलायचं राहून गेलेलं सगळं त्या पाऊण तासात निघे, आणि खरं सांगायचं तर बैठकीपेक्षा ते जास्त रंगे.

तीसेक वर्षं टेनिस बघितल्यावर माझी खात्री झाली आहे, की आईचा हा नियम आमच्या घराबाहेर कुणी मनापासून पाळला असेल तर तो टेनिसपटूंनी.

आम्हा नोकरदारांचं सोपं असतं. जन्मतारीख साहेबांच्या कागदावर असते, त्या महिन्याच्या अखेरीस शाल येते, नारळ येतो, भिंतीवरचं घड्याळ येतं (आता वेळ बघायची गरजच काय, हे कुणी विचारत नाही) आणि माणूस घरी जातो. टेनिसवाल्यांची सगळी हयात सर्व्हिसमध्ये जाते, पण सर्व्हिस बुक कुणाकडेच नसतं. कधी उठायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि ते ठरवणं किती अवघड असतं, हे जेवणाच्या पंगतीत शेवटचा जिलबीचा आग्रह ज्याला मोडता आला नाही, त्याला सांगायला नको.

त्यातून या खेळात ‘रिटायर’ हा शब्दच पातळ आहे. २०२५च्या जानेवारीत माझ्या मेहुण्यांचा फोन आला. आवाज असा, जसा दहाव्याच्या चौकशीला लावतात. म्हणाले, ‘‘अहो, तुमचा जोकोविच रिटायर झाला म्हणे.’’ झालं होतं इतकंच, की मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात पहिला सेट हरल्यावर पायाच्या दुखापतीमुळे त्याने झ्वेरेवशी हस्तांदोलन केलं आणि तो आत निघून गेला. सामना अर्धवट सोडला की टेनिसच्या भाषेत तो खेळाडू ‘रिटायर्ड’. शुक्रवारी रिटायर व्हायचं आणि पुढच्या महिन्यात दोह्याला खेळायला उभं राहायचं. मेहुणे वयोमानानुसार निवृत्त झालेले आहेत. त्यांना हा प्रकार अन्यायाचा वाटला.

पण खरी निवृत्तीही काही फार वेगळी नसते. ब्यॉर्न बोर्ग २६व्या वर्षी उठला. अकरा ग्रँड स्लॅम जिंकून, ताट निम्मं भरलेलं असताना. त्याच्या जाण्याने सगळ्यात जास्त चुटपुट कुणाला लागली असेल, तर त्याला हरवणाऱ्या जॉन मॅकेन्रोला. समोर भांडायला बोर्ग नाही म्हटल्यावर गड्याचं मन लागेना. परत ये म्हणून तोच मागे लागला होता. बोर्ग आला, पण १९९१ साली, माँटे कार्लोला. तोवर सगळं जग ग्रॅफाइटच्या रॅकेटने खेळायला लागलेलं, आणि हा आपली जुनी लाकडी रॅकेट घेऊन उतरला. पहिल्याच फेरीत हरला. वरातीत सगळे मोटारीतून चाललेले असताना एखाद्याने टांगा आणावा, तसं ते दृश्य. हसू येतं, आणि टांगेवाल्याचा जरा अभिमानही वाटतो.

मार्टिना नवरातिलोवाने १९९४ साली विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवरचं चिमूटभर गवत उपटून घेतलं आणि एकेरीचा निरोप घेतला. आमच्याकडे पंढरपूरहून निघताना बुक्का आणतात, तशातला प्रकार. पुढे बारा वर्षांनी, पन्नाशीला महिना उरलेला असताना, तिने अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. मार्टिना हिंगीस तर तीनदा निवृत्त झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या निवृत्तीच्या मधल्या काळात तिने आपल्या सानिया मिर्झाबरोबर तीन आणि लिअँडर पेसबरोबर चार ग्रँड स्लॅम मिळवले. तिने पहिल्यांदाच आमच्या मेहुण्यांचं ऐकून घरी बसायचं ठरवलं असतं, तर आपल्या दोघांच्या कपाटांत केवढी जागा रिकामी राहिली असती! पीट सॅम्प्रासची तऱ्हा न्यारी. २००२ साली अंतिम सामन्यात अगासीला हरवून अमेरिकन ओपन जिंकली आणि तो गप्प बसला. वर्षभर ना ‘येतो’, ना ‘जातो’. शेवटी न्यूयॉर्कलाच समारंभ करून त्याने सांगितलं, की मी गेलोय. लोकांना ते एव्हाना कळलं होतं.

या सगळ्यांत माझा लाडका म्हणजे अँडी मरे.

२०१९च्या जानेवारीत मेलबर्नच्या पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरलं नाही. खुब्याचं दुखणं असं, की चालताना त्रास, मोजे घालताना त्रास. ही स्पर्धा शेवटची ठरू शकते, म्हणाला. पहिल्याच फेरीत पाच सेट, चार तासांहून जास्त वेळ लढून तो बाउटिस्टा आगुटकडून हरला. मग स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर निरोपाची चित्रफीत. फेडरर चांगलं बोलला, नदाल चांगलं बोलला, जोकोविच चांगलं बोलला. माणसाबद्दल इतकं चांगलं आपल्याकडे शोकसभेतच बोलतात. मी डोळे पुसले. सौ.ने पुसले, जी एरवी मरेला ‘तो सारखा स्वतःवरच खेकसणारा’ म्हणून ओळखते.

महिना संपायच्या आत मरेने खुब्यात धातू बसवून घेतला. जूनमध्ये दुहेरीची स्पर्धा जिंकली. ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वावरिंकाला हरवून चक्क एकेरीचं विजेतेपद! आणि त्यानंतर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे निरोपसमारंभानंतर साडेपाच वर्षं, हा गृहस्थ खेळत होता. आता विचार करा, सत्काराची शाल अंगावर घेऊन, हार गळ्यात घालून मी दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर झालो असतो, तर? ज्यांनी भाषणं केली होती, त्यांनी कुठे बघायचं? शेवटचा सामना झाल्यावर मरेने लिहिलं, की तसंही मला टेनिस कधी आवडलंच नव्हतं. काही महिने झाले, आणि जोकोविचचा प्रशिक्षक म्हणून स्वारी परत कोर्टाच्या कडेला! ‘छत्री राहिली’ म्हणून माघारी येणारे पाहुणे असतात. छत्रीचं निमित्त असतं, दुसरा चहा हवा असतो.

फेडररचं दार मात्र मला वाटतं १४ जुलै २०१९च्या रात्रीच किलकिलं झालं. त्या रविवारी एकाच शहरात दोन अंतिम सामने चालू होते, लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा आणि विम्बल्डनला फेडरर–जोकोविचचा. भारत उपांत्य फेरीत न्यूझीलंडकडून हरल्यामुळे आमच्या घरात सुतकासारखं वातावरण होतं, म्हणून रिमोट बिनविरोध माझ्या हाती आला. संध्याकाळी साडेसहाला बसलो, ते जेवण ताटातच हातावर घेऊन. अकराच्या पुढे तिकडे लॉर्ड्सवर काही तरी अघटित चाललंय अशी कुणकुण शेजाऱ्यांच्या आरोळ्यांवरून लागली आणि चिरंजीव खोलीतून बाहेर आले. इकडे पाचव्या सेटमध्ये फेडरर ८–७ पुढे, स्वतःची सर्व्हिस, ४०–१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले. आता गर्दी ओसरली असेल, देवाला थोडी सवड असेल, म्हणून मी मनातल्या मनात शब्द टाकला. देव बहुधा दमून बसला होता. दोन्ही पॉइंट गेले. १२–१२ला टायब्रेक झाला, तोही गेला. चार तास सत्तावन्न मिनिटं. सगळ्या सामन्यात मिळून फेडररचे गुण २१८ आणि जिंकणाऱ्या जोकोविचचे २०४! आमच्या शाळेत जास्त मार्कवाल्याला नापास करत नसत. मी रिमोट मुलाच्या हातात दिला आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. सुपर ओव्हर मी बघितली नाही, हे मुलगा अजून चारचौघांत सांगतो.

त्यानंतर तीन वर्षं फेडरर उंबऱ्यात होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग आणखी एक. २०२१ला विम्बल्डनला हुरकाचकडून शेवटचा सेट ६–० असा हरला, तो मी बघितला आणि नसता बघितला तर बरं झालं असतं. अखेर सप्टेंबर २०२२मध्ये त्याने लंडनला लेव्हर कपमध्ये निरोप घ्यायचं ठरवलं, आणि जोडीला मागून घेतलं कुणाला? नदालला. ज्या माणसाने चाळीस सामन्यांपैकी चोवीसदा हरवलं, ज्याने २००८च्या विम्बल्डनला काळोख पडेपर्यंत झुंजवून किरीट काढून घेतला, तो माणूस!

सामना तिथल्या मध्यरात्रीनंतर संपला, म्हणजे आपल्याकडे उजाडायला आलं होतं. सॉक आणि टियाफो या अमेरिकनांनी त्यांना हरवलं, पण ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहे तो बाक. फेडरर रडतोय, ते ठीकच. शेजारी नदाल त्याच्याहून जास्त रडतोय, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी तसाच दार उघडायला गेलो. त्याने विचारलं, ‘‘काका, घरी सगळं ठीक ना?’’

कचेरीत आमचे एक सहकारी होते. बावीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर. त्यांना पंखा दोनवर हवा, मला चारवर. त्यांना खिडकी बंद, मला उघडी. बढतीच्या यादीत कधी ते पुढे, कधी मी. आणि जो पुढे असे, त्याला दुसरा आठवडाभर चहाला बोलावत नसे. माझ्या निरोपाच्या दिवशी साहेब बोलले, युनियनवाले बोलले, सगळे माझ्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलले, म्हणजे कुणी मला नीट ओळखत नव्हतं. हे गृहस्थ बोललेच नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मी शेवटचं टेबल आवरायला गेलो, तर पंखा चारवर होता. स्वतः मफलर गुंडाळून बसलेले. डोळे लाल होते, वाऱ्याने होतात.

नदालही पुढे दोन वर्षांनी मालागाला डेव्हिस कपमध्ये निवृत्त झाला. चौदा फ्रेंच ओपन जिंकणारा माणूस, लाल मातीवर नव्हे तर घरातल्या छपराखाली, सरळ दोन सेटमध्ये हरून. अॅश बार्टीने मात्र २५व्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असताना, स्वच्छ ‘जाते’ म्हटलं आणि ती गेली. आईने तिला परत बोलावून पाणी पाजलं असतं.

ते सहकारी आता रविवारी आमच्याकडे येतात. ते जोकोविचचे, हे सांगायला नको. परवाचा विषय तोच: २०२५ला पॅरिसला सिनरकडून हरल्यावर इथला हा माझा शेवटचा सामना असू शकेल असं तो म्हणाला, मग विम्बल्डनला उपांत्य फेरीत, न्यूयॉर्कला उपांत्य फेरीत, आणि तरी उंबऱ्यातून हलायला तयार नाही. मी म्हटलं, आत सिनर आणि अल्काराझ साडेपाच तासांचा अंतिम सामना खेळतायत, घर त्यांच्या नावावर झालंय, याने आता चप्पल घालावी. ते म्हणाले, ‘‘चोवीस ग्रँड स्लॅम आहेत त्याच्याकडे. तुमच्या फेडररच्या वीसात चार मिळवा, मग बोला.’’ उठले, दारात गेले, ‘येतो’ म्हणाले. लिफ्ट आली. त्यांनी लिफ्टचं दार हाताने धरलं आणि २०१९च्या त्या दोन पॉइंटांपैकी दुसऱ्याबद्दल बोलायला लागले. मीही बाहेर आलो. आतून सौ.ने विचारलं, आधण पुन्हा ठेवू का? लिफ्टमधली बाई दरवाजा बंद करा, दरवाजा बंद करा म्हणून गळा काढत होती.