आतून ४७

भाऊंना वय विचारू नये. विचारलंच तर हातातली पिशवी आधी खाली ठेवावी, कारण उत्तर लांबतं. "कागदावर ६६," भाऊ म्हणतात, मग इकडेतिकडे बघतात, आवाज जरा उतरवतात आणि म्हणतात, "आतून ४७." आतून म्हणजे कुठून, असं मी एकदा विचारून बसलो. भारतमाता सिनेमासमोर, भर दुपारी, माझी उलटतपासणी सुरू झाली.

"तुझं अल्ब्युमिन किती?"

"माहीत नाही."

"क्रिएटिनिन?"

"नाही बघितलं कधी."

"म्हणजे तुला तुझं वयच माहीत नाही!" भाऊ म्हणाले आणि हिरवा सिग्नल पडला तरी मला सोडलं नाही.

हा प्राणी तुम्हाला नवा नाही. प्रत्येक इमारतीत एक असतोच. पूर्वी तो सकाळी दुधीचा रस सांगायचा, हल्ली मायटोकॉन्ड्रिया सांगतो. आमच्याकडचा नमुना लालबागचा, गोदीतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, मूळ मुलूख कणकवलीकडचा. त्याच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ज्या बाटल्या आहेत तितके देव खाली नाहीत.

हे ४७ हवेतून आलेले नाहीत, हे भाऊंच्या बाजूने सांगायला हवं. २०१८ साली अमेरिकेत मॉर्गन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं. रक्ताच्या साध्या तपासणीतले नऊ आकडे घ्यायचे, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, पांढऱ्या पेशी वगैरे, त्यात जन्मतारखेचं वय घालायचं, की शरीर किती झिजलंय याचा अंदाज निघतो. हजारो माणसांचा एकत्र अभ्यास करायला ही चीज उत्तम. एकट्या माणसाचा आकडा मात्र साध्या तापानेही हलतो. भाऊंच्या भाच्याने हे सूत्र त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आणि आमची शांतता संपली. पहिल्यांदा रक्त दादरला दिलं, ४७ आले. खात्रीसाठी पुन्हा गिरगावात दिलं, ५२ आले. दुसरा कोणी म्हणाला असता, दोन ठिकाणची यंत्रं वेगळी, फरक पडायचाच. भाऊ म्हणाले, "गिरगावात माणूस लवकर म्हातारा होतो. खारी हवा." तेव्हापासून रक्त फक्त दादरला.

कुठलं वय कुठे काढायचं याचं भाऊंचं गणित पक्कं आहे. बँकेत ठेव ठेवताना ज्येष्ठ नागरिकाचं जादा व्याज घ्यायचं, तिथे कागदावरचं. एसटीने गावी जाताना अर्धं तिकीट, तिथेही कागदावरचं, आधार कार्ड कंडक्टरने मागायच्या आधी पुढे. बेस्टच्या बसमध्ये एखादा पोरगा "काका, बसा" म्हणत उठला की मात्र आतलं वय दुखावतं. ते त्याला "मी आतून ४७ आहे" असं सुनावतात आणि मग बसतात. वहिनी या सगळ्याकडे दुर्लक्ष करतात, पण गणपतीच्या आधी साफसफाई निघाली की त्यांनाही संधी मिळते. "आतून सत्तेचाळीस ना? मगे माळ्यावरचा पिंप खाली काढा बघू." त्यावर भाऊंचं उत्तर अख्ख्या मजल्याला पाठ आहे: "गुडघा कागदावरचा आहे."

आता हळदीचं बघा. भाऊ राहतात मसाला गल्लीच्या तोंडाशी. एप्रिल-मे महिन्यात तिथे डंक सुरू झाले की पहिल्या मजल्यापर्यंत माणसं शिंकत असतात. मिरची, धणे आणि हळकुंडांची पोती रस्त्यापर्यंत आलेली असतात. त्या पोत्याला वळसा घालून हा माणूस प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात जातो आणि हळदीची कॅप्सूल घेऊन येतो. कॅप्सूल मिरीयुक्त, कारण बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात वीस पट जास्त उतरतं. "हळद आणि मिरी एकत्र! काय डोकं आहे बघ," भाऊ मला म्हणाले. मागे वहिनी कालवणाला वाटप वाटत होत्या. पाट्यावर काय होतं ते मी सांगत नाही.

माशाच्या तेलाची कॅप्सूल श्रावणात चालते का, यावर त्या घरात एकदा दोन दिवस अबोला होता. भाऊंचं म्हणणं, तेल म्हणजे मासा नव्हे, औषध. वहिनींचं म्हणणं, मग बांगड्याचं तिखलंही औषधच समजून खाल्लं असतं. शेवटी बाटली महिनाभर गॅलरीत, चपलांच्या फळीवर गेली आणि भाऊ तिथे उभं राहून, देवाकडे पाठ करून, गोळी घेऊ लागले. ड जीवनसत्त्वाची तर वेगळीच गंमत. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेणारा हा माणूस शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला पहाटे साडेपाचला जातो आणि ऊन कट्ट्यावर टेकायच्या आत घरी परततो. ऊन लागलं की कातडी म्हातारी होते, म्हणे.

शास्त्र ते वाचतात, हे कबूल करावं लागेल. सुरेंद्रनाथ सेहगलांची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली, आणि पुन्हा पुन्हा ऐकली. १९६४ साली निघालेल्या मोहिमेतून ईस्टर बेटावरची माती कॅनडात आली, त्या मातीतल्या जिवाणूपासून सेहगलांनी रॅपामायसिन वेगळं काढलं, पुढे कंपनीने ते काम गुंडाळलं तेव्हा या गृहस्थांनी जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये, 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून सांभाळला. त्यातून मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं औषध झालं, आणि २००९ साली तीन अमेरिकन प्रयोगशाळांनी मिळून दाखवलं की ते दिल्यावर उंदीर जास्त जगतात. तेही साठीच्या माणसाइतके म्हातारे झाल्यावर सुरू केलं तरी. हे शेवटचं वाक्य भाऊंनी वाचलं त्या दिवशी चाळीत पेढे वाटायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी ते प्रिन्सेस स्ट्रीटवर हजर.

"कुठली किडनी बदलली?" दुकानदाराने विचारलं.

"अजून नाही," भाऊ म्हणाले.

दुकानदाराने चिठ्ठीशिवाय औषध दिलं नाही. त्याचे उपकार वहिनी अजून मानतात, कारण हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबतं.

मग मीही एक दिवस अभ्यास करून गेलो. म्हटलं, भाऊ, त्याच तीन प्रयोगशाळांनी तुमची हळदही उंदरांना घालून बघितली. ग्रीन टी घालून बघितला. द्राक्षाच्या सालीतलं ते रेझव्हेरॅट्रॉल, ज्याच्या नादाने ग्लॅक्सोने २००८ साली ७२ कोटी डॉलरला एक कंपनी विकत घेतली, तेही घालून बघितलं. २०१३ साली निकाल आला: उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते उंदीर अमेरिकन," ते म्हणाले. "त्यांना हळदीची सवय नाही." यावर काय बोलणार? आमच्या चाळीच्या गटारातल्या घुशी मसाला गल्लीचं सांडलेलं खाऊनच मांजरांना पळवून लावतात, म्हणजे पुरावा त्यांच्याच बाजूने.

एकदा परळला हाफकिन संस्थेवरून जाताना मी त्यांना गाठायचा शेवटचा प्रयत्न केला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, हाफकिनने लस केली, १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे भाऊंना ठाऊक होतं. हाफकिनचे गुरू मेचनिकॉफ ठाऊक नव्हते. नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ, वार्धक्याच्या अभ्यासाला शास्त्र म्हणून नाव देणारा माणूस. त्याचं मत असं की म्हातारपण आतड्यातल्या सडक्या जिवाणूंमुळे येतं, आणि त्यावर इलाज आंबवलेलं दूध. तो स्वतः रोज घ्यायचा, त्याचं ऐकून निम्मं युरोप दह्याच्या मागे लागलं. "बघ!" भाऊ खूश झाले. "किती जगला?" "७१." भाऊ केईएमच्या वळणापर्यंत काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाले, "दही नीट लागत नसणार त्याचं. तिकडे थंडी."

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा सगळ्यांनीच ढोसला, पण भाऊंनी पुढेही सोडला नाही. गुळवेलीवर याच परळला, केईएममध्ये, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं रीतसर संशोधन केलं होतं. मात्रा मोजून, रुग्ण तपासून. त्याच मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या सहा जणांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही. तशीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल, असं सांगितलं. भाऊंनी मंत्रालयाची बाजू हिरिरीने घेतली. आणि वेल कुठून आणायचे? रेल्वेच्या कुंपणावरून ओरबाडून. ती गुळवेलच होती हे त्यांना कोणी सांगितलं, तर कुंपणाशेजारच्या चहावाल्याने.

डोळे पिवळे झाले तेव्हा वहिनींनी आधी हळदीच्या कॅप्सूललाच दोष दिला. दवाखान्यात नेलं, रक्त काढलं, बाटल्यांची पिशवी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी केली. त्यांनी एकेक बाटली उचलून लेबल वाचलं आणि सगळ्या परत पिशवीत टाकून पिशवीला गाठ मारली. भाऊंनी रिपोर्ट हातात येताच काय केलं असेल? पडल्या पडल्या मोबाइलवर आकडे घातले. अल्ब्युमिन उतरलेलं, अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेलं, पेशी बिघडलेल्या. उत्तर आलं ७१. आतलं वय कागदाच्या पुढे निघून गेलं होतं. "आता महिनोभर पेज आणि मऊ भात," वहिनी म्हणाल्या, "माका कॅप्सूल दिसली तर बघा." तो महिनाभर भाऊ कोणी विचारलं तरी फक्त कागदावरचं वय सांगत. मला, खरं सांगतो, ते ऐकवत नव्हतं. पेजेने ५३ वर आले तेव्हा मीच त्यांना पुन्हा विचारलं, "आतून किती?"

त्या महिन्यात एक गोष्ट कळली. भाऊ आजारी पडले तशी चाळीतली चार-पाच म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहू लागली. विचारपूस हा बहाणा. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या खेपेला भाऊ नुसती आपली हळद आणत नव्हते; या सगळ्यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या घाऊक भावात आणायचे, प्रत्येकाच्या डबीत वारांप्रमाणे भरून द्यायचे आणि रात्री डबी हलवून आवाजावरून ओळखायचे की आजची घेतली की नाही. सगळे जुने गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेले आणि त्यानंतर कधी खात्यात न परतलेले.

भाऊंचे वडीलही त्यातलेच. छातीत कापूस भरलेला, कामगारांना मिळायच्या घराचा अर्ज मात्र स्वतः रांगेत उभं राहून भरलेला. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आधी उभे राहिले, कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. घरं सात हजारांच्या आत, अर्ज दीड लाखाच्या आसपास. वडिलांनी ती सोडत पाहिली नाही. मग भाऊ वारस झाले, आणि वारस होणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलं: मृत्यूचा दाखला, भावांची संमती, गावातल्या बहिणीची सही, कोर्टाचा वारस दाखला, नावातल्या एका वेलांटीसाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र. आजही त्या नंबराची सोडत लागलेली नाही. सरकार शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवतं, कामगार म्हणतात आम्ही गिरणगावात राबलो, घर मुंबईत द्या.

"माणूस जिवंत असला की एकच सही लागते," भाऊ मला म्हणाले, एवढंच. मायटोकॉन्ड्रिया नाही, काही नाही. त्या अमेरिकन प्रयोगशाळांना माणसाचं आयुष्य कशासाठी वाढवायचंय ते त्यांनाच ठाऊक. लालबागेत त्याला कारण आहे. इथे माणसाला म्हाडाच्या वेगाने जगावं लागतं, आणि त्या वेगाचं औषध अजून उंदरांवरही निघालेलं नाही.

भाऊंच्या बाटल्या पुन्हा फळीवर चढल्या आहेत, निम्म्याच. यकृताची तपासणी दर तीन महिन्यांनी होते आणि रेल्वेच्या कुंपणाकडे वहिनी त्यांना जाऊ देत नाहीत. त्यांच्या डब्यांपैकी एक डबी मात्र गेल्या पावसाळ्यात कमी झाली. घेणारे ८१ वर्षांचे होते, गोळी चुकवत नसत. त्यांचा अर्ज आता मुलीच्या नावावर करायचा आहे. ती नालासोपाऱ्याला राहते, तिच्या दोन भावांचा पत्ता नाही. वारस दाखल्याचं काम करणारा, फार पैसे न मागणारा वकील कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. भाऊ शोधताहेत.