बूटबहाद्दर

बडोद्यातला मराठी माणूस जन्मतःच दोन सिस्टिमचा. वर घरात आईशी मराठी, खाली भाजीवाल्याशी गुजराती, आणि भाषा बदलते ती मधल्या जिन्यात, आपोआप. दांडिया बाजारातला आमचा बूटबहाद्दर मात्र कायम जिन्यातच असतो.

त्याच्याकडे पाइनफोन आहे. २०२० साली बाजारात आलेला, दीडशे डॉलरच्या आसपासचा, लिनक्सवर चालणारा फोन. न्यू जर्सीच्या मेहुण्यानं आणून दिला; तो मेहुणा आता फोन आणायचं नाव काढत नाही. या फोनवर मोबियन, पोस्टमार्केटओएस, उबुंटू टच, मांजारो, असली वाटेल ती सिस्टिम चालते. बहाद्दर प्रत्येकीचं वेगळं मेमरी कार्ड सुपारीच्या डबीत ठेवायचा. आजीनं एकदा मोबियन चावायला घेतलं, तेव्हापासून सगळं एकाच कार्डावर आणायचा ध्यास त्याला लागला.

त्यासाठी त्यानं फोनमध्ये टो-बूट घातलाय आणि कार्डावर पी-बूट; दोन्ही बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे. टो-बूटची मजा अशी की सुरू होताना आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं, तर फोन संगणकाला नुसता पेनड्राइव्ह वाटतो; आतलं सगळं पुसा, भरा. पी-बूट डझनभर सिस्टिमची यादी समोर मांडतो, आणि त्या सगळ्यांत मिळून कर्नल एकच. बहाद्दराला दोन्ही हवेत, एकाच वेळी. पण फोनची चिप हट्टी. ती आधी कार्डावर आठ केबी पुढे जाऊन बूटलोडर शोधते, आणि तिथे सापडला की आत कोण बसलंय याची चौकशीही करत नाही. म्हणजे कार्ड असेतो टो-बूट बेकार. मग रात्री दीड वाजता नखानं झाकण उचकटणं, कार्ड काढणं, घालणं, परत काढणं. ‘अहो, झोपा आता,’ असं बायको म्हणाली की उत्तर ठरलेलं : ‘हे एवढं शेवटचं फ्लॅश.’

एवढं करून सिस्टिम सुरू झाली की त्याचा उत्साह संपतो. घड्याळ दिसतं, वॉलपेपर दिसतो, तो सुस्कारा टाकून पुन्हा बंद करतो. माझं स्पष्ट मत आहे, त्याला फोन नकोच आहे. त्याला ती यादी हवी आहे, जिच्यात अजून काहीच निवडलेलं नसतं.

फोन म्हणून त्याची कामगिरी विचारू नये. झाकणाखाली सहा इवल्या कळा आहेत : मोडेम, वायफाय, माइक, दोन कॅमेरे, हेडफोन. तो त्या उदबत्तीच्या काडीनं सरकवतो आणि पुन्हा लावायच्या विसरतो. मोडेम चालू असलाच, तर फोन गाढ झोपेतून उठेपर्यंत पलीकडच्यानं कंटाळून ठेवलेलं असतं. ‘त्या मोडेमच्या आतसुद्धा वेगळं लिनक्स आहे, माहितीये?’ हे तो अभिमानानं सांगतो. सासऱ्यांना अँजिओग्राफीला नेलं त्या दिवशीही त्यानं हेच सांगितलं होतं.

गॅसचा ओटीपी मात्र आईच्या बटणांच्या फोनवर येतो.

परवा सेव-उसळ खाल्ल्यावर दुकानदारानं क्यूआरची पाटी पुढे सरकवली. बहाद्दरानं खिशातून फोन काढून बटण दाबलं. ‘काका, एक मिनिट. बूट थाय छे.’

काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाटी सरळ माझ्यापुढे ठेवली.