परसात बुडालेली होडी

ऑकलंडला साडूंकडे जाऊन बसल्या जागी जेवायचं म्हणजे मनाला लागतं. पण तिथे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं. आमच्या वाट्याला उरली ती परसात ट्रेलरवर उभी असलेली साडूंची होडी. पोहायला न शिकताच मी साठी गाठलेली, त्यामुळे जमिनीवरच्या होडीशी माझं लगेच जमलं. साडू ऑफिसला गेले तसा मी बादली आणि साबण घेऊन वर चढलो.

आत एका कडीत पिवळाधमक डबा अडकवला होता. वर अँटेना, अंगभर खारट थर. मी तो कडीतून उपसला आणि बादलीत बुचकळला. डबा लुकलुकायला लागला. पाहुण्याच्या हाताचा गुण, दुसरं काय! वाळावा म्हणून कपड्यांच्या दांडीला, मोकळ्या आकाशाखाली, चांगला उभा बांधला.

तो ई-पर्ब, म्हणजे होडी बुडाल्यावर मदतीची हाक देणारा बीकन होता, हे ज्ञान नंतरचं. कडीतलं चुंबक जवळ असेतो हा बीकन पावसात भिजला तरी गप्प असतो. बाहेर काढून भिजवला, की होडी बुडाली अशी त्याची खात्रीच होते. मग 406 मेगाहर्ट्झवर साधारण दर 50 सेकंदांनी उपग्रहांना हाका, त्याही निदान 48 तास पुरेल अशा बॅटरीवर. या हाका ऐकायची व्यवस्था, कॉस्पास-सारसॅट, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियननं 1979 साली, ऐन शीतयुद्धात, मिळून उभी केली. दोन महासत्तांचं एकमत झालं होतं ते काय माझ्या धुण्यासाठी? शिवाय उभी अँटेना आणि वर मोकळं आकाश! बुडत्या खलाशालाही इतकी सोय मिळत नाही.

न्यूझीलंडचं बचावक्षेत्र अंटार्क्टिकापासून पार विषुववृत्ताच्या जवळपास, सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात संकट उमटलं ते साडूंच्या परसात. बचाव केंद्रानं बीकनच्या नोंदणीतला नंबर फिरवला. साडू मीटिंगमधून उठले आणि त्यांचा मला फोन.

"दादा, काय करताय?"

"काही नाही, जरा साफसफाई."

"पिवळं काही धुतलंत?"

"धुवून वाळतसुद्धा घातलं!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग साडूंनी एकेक पायरी सांगत बीकन पुसून, बंद करून कडीत बसवून घेतला. 'आता गुपचूप कपाटात ठेवू का?' या माझ्या प्रश्नावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. गुपचूप बंद केलेला बीकन म्हणजे माणूस बुडाला, असंही कुणी धरून चालेल. चुकून लागला तर केंद्राला तसं सांगायचंच असतं. त्यांनी सांगितलं. तिकडच्या बाई आभार मानून मोकळ्या झाल्या. मेहुणीनं मात्र संध्याकाळी माझी बादली जप्त केली.

हेलिकॉप्टर उडालं नाही ते नोंदणीतला फोन नंबर चालू होता म्हणून. तुमच्या होडीवर बीकन असेल आणि मधे नंबर बदलला असेल, तर आजच कळवा. आणि घरी कामसू पाहुणा येणार असेल, तर होडीला कुलूप घाला.