इत्यादी सर

अहेरीच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला ‘लिंगभाव आणि स्त्री-आरोग्य’ हा पेपर आला, तेव्हा तो शिकवायला कुणी तयार होईना. सरांच्या वर्कलोडमध्ये चार तास कमी पडत होते. तास भरले आणि पेपर सरांच्या गळ्यात पडला. पहिल्याच आठवड्यात पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, इत्यादी सर.

सरांचं वाचन दांडगं, पाठांतर त्याहून. “१९८९. लॅन्सेट. डॉ. राणी बंग आणि सहकारी. आपल्याच जिल्ह्यातली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. ६५० बायकांची तपासणी. ९२ टक्के बायकांना आजार. दर बाईमागं सरासरी ३.६! आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या किती? फक्त ८ टक्के!” सर टेबलावर हात आपटतात. वर्ग हलतो. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज येतो, “कोणते आजार जी, सर?”

सरांचा हात टेबलावरच राहतो. रुमाल निघतो. “म्हणजे... अंगावरून... पांढरं... इत्यादी.”

सिकलसेल मात्र सरांनी आठ तास शिकवला. तो रक्ताचा आजार, पुरुषांनाही होतो, त्यामुळे त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. मलेरियालाही दोन तास दिले. गरोदर बाईला मलेरिया किती घातक, हे सांगताना सर डासाबद्दल इतकं तपशिलानं बोलले की बाईचा नंबर लागेपर्यंत बेल झाली.

गर्भाशयाची आकृती काढायची वेळ आली. सरांनी ती काढली, सुबक काढली; पण अवयवांची नावं लिहिली नाहीत. अ, ब, क, ड अशी अक्षरं टाकली. अंतर्गत परीक्षेत एका पोरानं उत्तर लिहिलं, ‘क ला सूज आल्यास ब ला त्रास होतो.’ सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

पोरींचं तसं नव्हतं. एटापल्ली, भामरागडकडून शिकायला आलेल्या या माडिया आणि गोंड पोरी. पाळीचे दिवस त्यांच्या आया कुर्माघरात काढतात. गावाच्या कडेच्या त्या झोपडीत यातल्या काही जणीही राहिलेल्या. त्यातली एक सरळ उभी राहिली. “सर, कुर्माघरात रात्री साप निघाला तं बाईनं बाहेर यायचं का नाही?”

“हे... स्थानिक रूढी, परंपरा, इत्यादींवर अवलंबून आहे.”

“सापाला कुठं माहीत असते जी रूढी?”

वर्ग हसला. सरही हसले, आणि वहीत काहीतरी लिहून घेतल्यासारखं केलं.

माणूस वाईट नाही, उलट सोन्यासारखा. भर पावसात, मध्यरात्री एका विद्यार्थिनीच्या बहिणीला स्वतःच्या गाडीत घालून अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात त्यांनीच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” सर म्हणाले, “तिला इत्यादी होतंय.” शेवटी त्या बहिणीनंच सांगितलं, “दिवस जाऊन दोन महिने झाले होते, आता सांजेपासून रक्त जातंय.” एका वाक्यात. डॉक्टरांना तेवढं पुरलं.

अडाणी बाई लाजते म्हणून आजार लपतो, असं आपण शिकलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वसा-अमिर्झाच्या बायका मात्र विचारणारं कुणी भेटलं तेव्हा बोलल्या, तपासूनही घेतलं. अडखळतो तो पीएच.डी. झालेला माणूस, आणि असे सर प्रत्येक कॉलेजात आहेत.

म्हणून प्राचार्यांना एक विनंती. हा पेपर कुणाकडे द्यायचा हे ठरवताना डिग्री बघा, वर्कलोड बघा, सेवाज्येष्ठताही बघा. पण ऑर्डरवर सही करण्याआधी उमेदवाराला भरल्या स्टाफरूममध्ये ‘योनी’ हा शब्द मोठ्यानं म्हणायला लावा. म्हणता आला तरच तास द्या. नाही आला, तर त्याला त्या पोरींच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसवा.