रात्रीची लाईन

जंगलाच्या फाटकावरचा फलक सगळ्यांनी वाचलेला असतो. गाडीतून उतरू नका, भडक कपडे घालू नका, प्राण्यांना खायला देऊ नका. सूचना बरोबरच आहेत. पण वाशिम जिल्ह्यात रानातल्या जनावरासमोर येणारा माणूस बहुतेक वेळा गाडीत बसलेला नसतो. तो हरभऱ्याच्या चिखलात उभा असतो, खांद्यावर स्प्रिंकलरचा पाइप असतो आणि रात्रीचे दोन वाजलेले असतात. त्याच्यासाठी एकही फलक लावलेला नाही.

रात्री दोनला तो वावरात का असतो? लाईन तेव्हा येते म्हणून. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत ओलीत करायचं तर रात्रीची पाळी चुकवता येत नाही. डिसेंबरच्या थंडीत दर काही तासांनी उठायचं, पाइप उचलून पुढच्या ओळीत नेऊन जोडायचे, मोटार पुन्हा सुरू करायची. आजूबाजूचं रान तोवर वाळलेलं असतं आणि ओल्या वावरात तेवढा हिरवा चारा उरतो. रोही (नीलगाय) तिथेच येतो, रानडुक्कर तिथेच येतं, त्यांच्या मागावर बिबट्याही येतो. ओलाव्यामुळे उंदीर आणि बेडूक येतात, म्हणून सापही येतो. सगळी जनावरं एका वेळी एका जागी गोळा होतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण माणसालाही तिथे पाठवतो, एकट्याला, हातात बॅटरी देऊन.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या जिल्ह्यात वन्यप्राण्यांपासून जीव वाचवण्याचा पहिला उपाय पिंजरा नाही, बंदूकही नाही. दिवसाची लाईन हा पहिला उपाय आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्येच आणली. तिच्याकडे बिलाची आणि अनुदानाची बाब म्हणून पाहिलं जातं, ती जिवाचीही बाब आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना 25 लाख रुपये देण्याचा निर्णय सरकारनं 2023 मध्ये घेतला. तो योग्यच आहे. पण हल्ल्यानंतर जो पंचनामा होतो, त्यात एक रकाना वाढवा: त्या रात्री त्या फिडरला लाईन किती वाजता होती? पाच वर्षं हा रकाना इमानदारीनं भरला, तर वन विभाग आणि महावितरण यांना एका टेबलावर बसवायला दुसऱ्या कुठल्याही अहवालाची गरज पडणार नाही.

वाशिमला कुणी जंगलाचा जिल्हा म्हणत नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा. ताडोबासारखी सफारी नाही, जिप्सींची रांग नाही. पण उत्तरेला, अकोल्याच्या हद्दीला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे. 1988 पासूनचं, सुमारे 74 चौरस किलोमीटरचं, चौसिंग्यासाठी ओळखलं जाणारं. कारंजा तालुक्यात 2000 साली जाहीर झालेलं सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत जनावर मावत नाही आणि अभयारण्याची हद्द त्याला वाचताही येत नाही. ते धुऱ्यानं, नाल्यानं, पैनगंगेच्या आणि अडाणच्या काठानं चालत राहतं.

किती चालतं, याचा पुरावा आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि डिसेंबरपर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. नकाशात यवतमाळ आणि बुलढाण्याच्या मधे कोणता जिल्हा आहे ते पाहा. एवढ्या प्रवासात तो शेतं, रस्ते, गावं ओलांडत गेला, बहुतेक रात्रीचाच. आणि माणसाला इजा झाल्याची जी घटना नोंदली गेली, ती कशी घडली? वाघ झुडपात विसावला होता आणि माणसांचा एक घोळका त्या झुडपात शिरला. त्यातला एक जण जखमी झाला. वाघ आपल्या वाटेनं चालला होता, वाट सोडून आत गेली ती माणसं.

हाच घोळका बिबट्याच्या वेळी जमतो. तुरीत बिबट्या दिसला की अर्ध्या तासात पाचशे माणसं, चाळीस दुचाकी आणि तितकेच मोबाइल त्याच्याभोवती. एखादा पोरगा दगड मारतो. बिबट्याला निघायला एक फट लागते आणि ती आपण चारी बाजूंनी बुजवतो. मग तो माणसांवरून जातो. बातमी येते ती ‘बिबट्याचा हल्ला’ अशी, गर्दीवर मात्र कुणी गुन्हा नोंदवत नाही. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, पोरांना घरात घ्या, कुत्री बांधा आणि त्याला निघायला एक बाजू मोकळी ठेवा. समोरासमोर आलात तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसाला धोका जास्त असतो, कारण बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसतच नाही.

‘पकडा आणि दूर नेऊन सोडा’ ही मागणीही लगेच पुढे येते. ती आमदारांकडून येते, सरपंचांकडून येते आणि कळवळ्यानं येते. पण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरनं तिची किंमत मोजलेली आहे. तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले गेले. अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले: 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, त्यानंतर ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर घर शोधत फिरतं. इथला बिबट्या तिकडे सोडला की इथली भीती तिकडे जाते, आणि उद्या तिकडची इकडे येते.

अस्वलाचं वेगळं. विदर्भाच्या जंगलाकाठी राहणारी माणसं बिबट्यापेक्षा अस्वलाला जास्त धास्तावतात आणि त्यांचं खरं आहे. बिबट्या माणसाची चाहूल आधी घेतो आणि सरकतो. अस्वलाची नजर अधू, वारूळ फोडण्यात किंवा बोरं-मोहफुलं खाण्यात तोंड खुपसलेलं, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकतं आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी मारतं. नख्या जवळपास चार इंचांच्या, वार तोंडावर आणि डोक्यावर. वाचलेली माणसं डोळा, नाक, जबडा गमावून जगतात आणि पुढची वर्षं ऑपरेशनं करत राहतात. मोहफूल वेचायला पहाटे अंधारात एकट्यानं जाऊ नका, हे सांगणं सोपं आहे. पण पहाटे गेलं नाही तर फूल ढोरं खातात किंवा दुसरा वेचून नेतो, हेही ठाऊक असलं पाहिजे. म्हणून एवढं तरी करावं: तिघा-चौघांनी जावं, मोठ्यानं बोलत जावं, काठी आपटत जावं. आवाज हेच अस्वलापासूनचं संरक्षण आहे. जंगलात शांतता पाळा हा पर्यटकाचा नियम इथे नेमका उलटा लागू पडतो. आणि अस्वल अंगावर आलंच, तर पालथं पडावं, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफावीत, चेहरा मातीत दाबावा. हे गावोगावी शाळेत करून दाखवायला हवं.

रानडुक्कर तर घरचंच होऊन बसलं आहे. डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्याला लागते आणि डुकरांचा कळप दिवसभर त्यात पडून राहतो. तूर कापायला पहिली ओळ धरणाऱ्या बाईच्या विळ्यापासून ते चार हातांवर असतं. कापणी सुरू करण्याआधी वावराच्या एका बाजूनं डबे बडवा, दुसरी बाजू मोकळी सोडा आणि अर्धा तास थांबा. मजुरी दिवसाची द्यायची आहे, तर हा अर्धा तासही त्या दिवसातच धरा.

साप मात्र सगळ्यांत वरचा. वाघ-बिबट्याच्या बातम्यांमुळे तो आपल्या ध्यानातच येत नाही. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. निम्मे मृत्यू पावसाळ्यातले, बहुतांश खेड्यातले. सोयाबीनची सुडी उचलताना घोणस, रात्री घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार. मण्यारचा दंश धड दुखतही नाही, सूज येत नाही आणि पहाटे पोटात कळ येऊन डोळ्यांच्या पापण्या मिटू लागतात. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, सुडीत हात घालण्याआधी काठी घाला, ओलिताला गमबूट घाला. दंश झाला तर कापू नका, आवळू नका, चोखू नका, मंत्र घालायला नेऊ नका. ज्या अवयवाला दंश झाला तो हलवू नका आणि सरळ सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस फुकट मिळते. केंद्रानं 2024 मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आज रात्री लसीच्या किती कुप्या आहेत, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता एक कडू गोष्ट. पीक वाचवण्यासाठी कुंपणाच्या तारेत खांबावरची लाईन सोडायची, हे चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. त्या तारेला डुक्कर, काळवीट आणि पहाटे धुऱ्यावरून जाणारा शेजारी यातला फरक कळत नाही. तो गुन्हा आहेच, शिवाय तो खून आहे. झटका मशीनची तार वेगळी. ती बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर चालते, क्षणभराचा धक्का देते, जीव घेत नाही. दोन्हीला बोलताना ‘करंट’ म्हणतात म्हणून त्या एक होत नाहीत. ज्याचं वावर रोही एका रात्रीत खाऊन जातो, त्याचा संताप मला समजतो. भरपाईसाठी तीन दिवसांत अर्ज, मग पंचनामा, मग महिनोन्‌महिने वाट. हा उशीरच माणसाला त्या तारेकडे ढकलतो. पण उशिराचा जाब मागायचा तो कचेरीत.

आणि जे मुद्दाम रान पाहायला निघतात त्यांच्यासाठी. सोहोळला जरूर जा. हिवाळ्यात सकाळी माळावर काळ्या-पांढऱ्या नराची उडी पाहणं हा आपल्या जिल्ह्याचा हक्काचा आनंद आहे. पण काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरनं पळतं म्हणून त्याच्यामागे दुचाकी घालू नका. पळून पळून त्याचा जीव जातो. रस्ता सोडून गवतात शिरू नका, मादीनं पाडस तिथेच लपवून ठेवलेलं असतं. सोबत कुत्रं नेऊ नका. आणि समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनो, 11 डिसेंबर 2022 ला सुरू झालेला हा रस्ता कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावर जनावरांसाठी खालून-वरून वाटा काढल्या आहेत. पण महामार्ग उतरून सोहोळच्या साध्या रस्त्याला लागलात की तिथे कुठलीच भिंत नाही. दोनशे किलोचा रोही दुचाकीसमोर आला तर हेल्मेटही पुरत नाही. अंधार पडल्यावर चाळीसच्या वर जाऊ नका.

या माळांना सातबाऱ्यावर आणि बोलण्यात ‘पडीक’ म्हणायची सवय लागली आहे, आणि पडीक म्हटलं की खड्डे खणून झाडं लावायला माणसं येतात. गवताळ माळावर झाडं लावली की काळवीट हटतं, तणमोर पक्षी हटतो. वाशिम-अकोल्याच्या माळांवरचं हे गवत आणि तणमोर राखायला कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे अनेक वर्षं राबत आहेत आणि त्यांच्याबरोबर फासेपारधी आहेत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याखाली ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत पारधीही होते. 1952 साली तो कायद्यानं पुसला, गावकऱ्यांच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. पण गवताच्या वाकण्यावरून कोणतं जनावर किती वेळापूर्वी गेलं हे सांगणारी माणसं आज तीच आहेत. सोहोळला वाटाडे नेमायचे तर पारधी बेड्यांवरची पोरं नेमा, पर्यटक आला तर पैसे अशी बोळवण न करता त्यांना महिन्याचा पगार द्या, आणि 1926 वर ‘बिबट्या दिसला’ असा फोन आला की गाडीत पिंजरा चढवण्याआधी या पोरांना चढवा. ठशावरून जनावर कुठल्या बाजूला निघालंय हे ती सांगतील, त्या बाजूची गर्दी मग पोलिसांनी हटवायची.