झेंडा वर, दोर खाली

आमच्या घरात चार माणसं, एक लॅपटॉप आणि दोन पक्ष आहेत. पक्ष राजकीय नाहीत. असते तर निवडणुकीनंतर युती तरी झाली असती. वाद एवढाच आहे की, टचपॅडवर दोन बोटं खाली ओढली तर पान कुठे जायला हवं.

लेक पुण्याला नोकरीला असते. मे महिन्यात आली आणि स्वतःचा जुना लॅपटॉप आम्हाला देऊन गेली. ती गेल्यावर मी सोसायटीच्या टँकरचा हिशेब उघडला. एप्रिल समोर होता, मला मे पाहायचा होता. बोटं खाली ओढली, तर मार्च आला. पुन्हा ओढली, फेब्रुवारी. नागपुरात बेस्याला राहणाऱ्या माणसाला टँकरच्या हिशेबात मेकडून फेब्रुवारीकडे जायला केव्हाही आवडेल, पण हिशेब पुरा करायचा होता.

लेकीला फोन लावला. ‘‘काऊन गं, तुझा लॅपटॉप उलटा चालून रायला!’’

‘‘उलटा नाही बाबा, नॅचरल आहे तो.’’

या एका शब्दाने घरात आग लागली. मी नॅचरल नाही तर कोण, असं माझं म्हणणं. नंतर कळलं की हे बारसं अ‍ॅपलने केलंय. जुलै 2011मध्ये त्यांची ‘लायन’ नावाची प्रणाली आली आणि तिच्यात फोनसारखं, बोट जिकडे तिकडे पान, हाच रिवाज झाला. त्याला ‘नॅचरल’ म्हटल्यामुळे आमची आख्खी पिढी एका रात्रीत अनॅचरल ठरली. आम्ही संगणक शिकलो तो उजव्या कडेची पट्टी माऊसने धरून खाली ओढत. पट्टी खाली की मजकूर वर. पुढे 1996ला मायक्रोसॉफ्टचा चाकवाला इंटेलिमाऊस आला, तोही याच चालीचा. म्हणजे आम्ही खिडकी सरकवत होतो आणि पोरं कागद सरकवताहेत. नागपूर स्टेशनवर शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तसला प्रकार. दोघेही खरे, फक्त डबे वेगळे.

आमच्या विंडोजच्या लॅपटॉपवर दिशा बदलायचं सेटिंग शोधायला मला पाऊण तास लागला. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड आणि त्याच्या पोटात स्क्रोल अँड झूम. तिथे दोनच पर्याय. एक म्हणतो, ‘डाउन मोशन स्क्रोल्स अप’. दुसरा म्हणतो, ‘डाउन मोशन स्क्रोल्स डाउन’. मी चार वेळा वाचलं. शेवटी बायकोला हाक मारली. ‘‘हे बघ, खाली केलं की वर जाते, की खाली केलं की खाली जाते?’’ ती कणीक मळत होती. म्हणाली, ‘‘तुम्ही दळण आणायला केव्हा जाता ते सांगा आधी.’’

मी दुसरा पर्याय निवडला आणि दोन दिवस राज्य केलं. तिसऱ्या दिवशी बायकोने लॅपटॉप उघडला. तिचा सगळा दिवस फोनवर जातो, तिची बोटं त्याच वळणाची. तिने एक अक्षर न वाचता दहा सेकंदांत सेटिंग परत फिरवलं. मग मी फिरवलं. मग तिने. मुलगा तटस्थ राष्ट्र आहे. तो माऊस जोडतो, आणि विंडोजमधलं हे सेटिंग फक्त टचपॅडचं असल्यामुळे माऊसचं चाक आपल्या जुन्याच चालीने फिरत राहतं. तो वाद ऐकतो आणि दार लावून घेतो.

वादात एकदा बायकोने कपाटातून माझी जन्मपत्रिका काढली. जुन्या पद्धतीची, लांब गुंडाळीची. माझ्यासमोर धरून म्हणाली, ‘‘खालचं वाचायचं तर काय कराल? कागद वरच ढकलाल ना?’’ ढकलला. आला खालचा भाग. पुरावा बिनतोड होता. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळवून आमचं लग्न झालं होतं. राहिलेल्या चारांत टचपॅड असणार.

या भानगडीत कुलर पडला. मेमध्ये नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकला की घरातलं प्रत्येक काम कुलरच्या झोतात होतं. ताट्या नव्या होत्या, पाणी जरा जास्तच सुटलं होतं, वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत होते. बघतो तर पडद्यावरचा बाण स्वतःहून फिरायला लागलेला. आधी वाटलं, व्हायरस. पण टचपॅडला दाब कळत नाही. बोटामुळे विजेच्या भारात होणारा बारीकसा फरक तो टिपतो, आणि तसाच फरक पाण्याचा थेंबही करतो. म्हणजे माझ्या लॅपटॉपला कुलर बोट लावत होता.

त्याच दुपारी मी सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहीत होतो: ‘आदरणीय अध्यक्ष महोदय, चार दिवसांपासून पाणी नाही.’ शेवटचा शब्द टाइप करायच्या क्षणी तळहात टचपॅडला लागला की थेंब पडला, देव जाणे. पण कर्सर उडी मारून पहिल्या शब्दापाशी गेला. माझी नजर कीबोर्डवर. पत्र गेलं ते असं: ‘आदरणीय नाही अध्यक्ष महोदय, चार दिवसांपासून पाणी.’ अध्यक्ष वरच्या मजल्यावर राहतात. तेव्हापासून जिन्यात भेटले की मोबाइलमध्ये बघतात. पाणी मात्र दुसऱ्या दिवशी आलं. का आलं ते मी विचारलं नाही.

यावर उपाय त्याच पानावर होता. टचपॅडची संवेदनशीलता सगळ्यात खाली आणली आणि नुसत्या टिचकीने क्लिक होणं बंद केलं. आता कर्सर जागेवर राहतो. संवेदनशीलता कमी केल्याने एवढा फायदा होतो हे लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर... असो.

दिशेचा निकाल लागेना म्हणून आम्ही आबांकडे गेलो. आबा माझे वडील. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. हल्ली अक्षरं मोठी करून लॅपटॉपवर पेपर वाचतात. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा काढला आणि मला म्हणाले, ‘‘पंधरा ऑगस्टला दोर कुठं ओढते बे?’’

‘‘खाली.’’

‘‘अन् झेंडा?’’

‘‘वर.’’

‘‘विहिरीवर दोर खाली ओढला का बादली वर येते. पाणी वर पाहिजे म्हून कोणी दोर वर फेकते का? तू बरोबर आहेस.’’

मी बायकोकडे पाहिलं. तिने गुंडाळी उचलली आणि आत गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला वडील घरच्यांसमोर ‘बरोबर आहेस’ म्हणाले. मी मोबाइलमध्ये तारीख पाहून घेतली.

पण शंका नको म्हणून म्हटलं, ‘‘आबा, तुमच्यासाठी माझ्याच दिशेचं सेटिंग करून ठेवतो मग.’’

‘‘मला काय करायचं त्याचं? हे पाय.’’ त्यांनी उजवा हात कीबोर्डच्या कोपऱ्यात नेला आणि खालच्या बाणाची कळ दाबली. टक. पेपर एक पाऊल पुढे सरकला. टक, टक, टक. अग्रलेख, बाजारभाव, निधनवार्ता. बोटं ओढणं नाही, खिडकी नाही, कागद नाही. ‘‘तुम्ही दोघं भांडून रायले तेव्हापासून मी असंच वाचून रायलो.’’

त्या कळेला दिशेचं सेटिंग नाही. महिनाभरापासून आम्ही तिघंही तीच दाबतो. तिच्यावरचा बाण आता अर्धा पुसला गेलाय, आणि लेक दिवाळीला येणार आहे.