नवागतांसाठी शिष्टाचार

भिवंडीत पूर्वी नवा माणूस आला की यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून बोलायला शिकायचा, तेवढ्यावर भागायचे. आता काल्हेर-कशेळीच्या टॉवरांत राहायला येणाऱ्याला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा सूर शिकावा लागतो. ही प्रगतीच म्हणायची. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ सदस्यांवर नेली, म्हणजे रुसायलाही मुबलक माणसे झाली.

नवख्याने आल्याआल्या ‘टँकर कधी येणार?’ असे विचारू नये. तो प्रश्न नसतो, सेक्रेटरीसाहेबांवरचा अविश्वास ठराव असतो. आधी आठवडाभर गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवावे, अध्यक्षांच्या नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात. सेक्रेटरींचा अंगठा म्हणजे ‘वाचले नाही’. जोडलेले हात म्हणजे ‘पुरे’.

बी-विंगमधले नवे बिऱ्हाडकरू हे फार लवकर शिकले. परवा लिफ्टमध्ये अडकले, तर त्यांनी प्रथम सर्वांना शुभ सकाळ घातली, समितीच्या अथक परिश्रमांचे आभार मानले आणि शेवटी ‘सवडीने बघावे’ एवढेच लिहिले. ग्रुप इतका भारावला की अडकलेल्या अवस्थेतच त्यांना ॲडमिन करण्यात आले.

पहिला निर्णय त्यांनी तिथूनच घेतला: लिफ्टच्या तक्रारी ग्रुपवर टाकू नयेत.